मागं कोण बसणार?

आमच्या आणि काकूंच्या अंगणात आधी पऱ्हाट्यांचं कुंपण होतं. दर उन्हाळ्यात ते चुलीत जायचं आणि दर दिवाळीला नवं उभं राहायचं. आता विटांची भिंत आहे, पण काकूंनी गवंड्याला दम देऊन ती छातीएवढीच ठेवायला लावली. त्यामुळे ह्या बाजूनं कढीपत्ता, त्या बाजूनं धर्माबादच्या मिरचीचा ठेचा आणि दोन्ही बाजूंनी बातम्या, असा व्यवहार बिनबोभाट चालतो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. भिंतीवर कोपर टेकून काकू म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या हाव म्हणून इचारते. मीटिअर म्हंजी काय वो?"

"उल्का. आभाळातून तुटून पडणारा तारा."

"घ्या! तारा तुटताना बघू न्हाई म्हणत्यात, आन् हे पोरगं दोन लाख मोजून तो दारात आणूलालंय."

पोरगं म्हणजे काकूंचा धाकला. भोकरला नोकरीला आहे. आजवर मोठ्या भावाची स्प्लेंडर वापरली, आता त्याला बसल्यावर बसल्यासारखी वाटेल अशी गाडी हवी. घटस्थापनेपासून घरात हा एकच विषय. 2 ऑक्टोबरला दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, सगळ्या गल्लीनं आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, पण ह्यांच्याकडे काही ठरलं नाही. आता पाडव्याचा मुहूर्त धरलाय.

तीन स्थळं आलीत. पहिलं घरातलंच, आप्पांची म्हणजे काकूंच्या यजमानांची 1994 ची बुलेट, साडेतीनशेची, उजव्या पायाच्या गिअरची. दुसरं धर्माबादचं. काकूंच्या मावसभावाची थंडरबर्ड, 2015 ची, लाखाच्या आत देतो म्हणतोय. तिसरं हे आभाळातलं, मीटिअर साडेतीनशे, कोरी.

"मंग आप्पा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! 'माझी हाय की घरात, तीच घे, वर वीसेक हजार लाव, नवी होती.' पोरगं म्हणतंय, 'ती गाडी न्हाई आप्पा, ती सासुरवास हाय.'"

मला हसू आलं, कारण त्या सासुरवासाची मी तीस वर्षांची साक्षीदार आहे. आप्पांची बुलेट चालू होणं हा आमच्या गल्लीतला सकाळचा कार्यक्रम असे. आधी पेट्रोलचा कॉक. मग चावी. मग हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअरच्या काट्याकडे डोळे लावून किक हळूहळू दाबायची. काटा मधोमध आला की डाव्या हाताची बारीक दांडी, डीकॉम्प, ओढायची, पिस्टन केसभर पुढे सरकू द्यायचा, दांडी सोडायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच किक. पिस्टन नेमका जागेवर नसला तर किक उलटी येते. आप्पांची घाई झाली की त्यांच्या नडगीला ती यायची. गल्लीतली पोरं भिंतीवर बसून मोजायची, आज कितवीला. नेम बसला की मग मात्र तो आवाज! आमच्या स्वयंपाकघरातले मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे.

धाकल्यानं एकदा किकची धास्ती बोलून दाखवली तेव्हा आप्पांनी त्याला उमरीचा इतिहासच ऐकवला, "ह्याच उमरीतली बँक निजामाच्या राज्यात, 1948 ला, आपल्या लोकांनी लुटली. आन् त्यांच्या गावचं पोरगं एका किकला भ्यायलंय!"

आता आप्पांचं सगळंच चूक नाही. बुलेट हे नाव 1932 पासूनचं, मूळ विलायतेतल्या रेडिचचं. पन्नाशीच्या दशकात आपल्या सैन्याला सीमेवर फिरायला मजबूत गाडी हवी होती म्हणून ती मागवली, आणि 1955 पासून मद्रासला जुळायला लागली. विलायतेतला कारखाना कधीच बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. आप्पांच्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा आहे, सत्तर मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव नव्वद मिलिमीटर. म्हणजे पिस्टन सावकाश, लांब पावलं टाकत चालतो. त्यात फ्लायव्हील जड. त्या दोन्हींचा मिळून तो 'डग... डग... डग'. आप्पा ते तोंडानं काढून दाखवतात, आणि खरं सांगते, चांगलं काढतात.

"पर बाई," काकूंनी आवाज उतरवला, म्हणजे आता खरी बातमी येणार, "तीस वर्सं त्या गाडीवर मागं कोण बसलंय? मी! कुणी इचारलं का मला? एक तर इचारा."

मी हातातला टॉवेल तसाच तारेवर टाकला आणि म्हणाले, "विचारते. सांगा."

"लग्नात ह्यांची सायकल होती. बुलेट आली कापसाच्या पैशावर. पैल्यांदा बसून बासरला गेलो, सरस्वतीला, मोठ्याला पाटी धरवायला. लेकरू मधी. उतरले तर हाताला मुंग्या, पायाला मुंग्या, आन् बांगड्या कोपरापाशी. कपाळाचं कुंकू म्हणाल तर भुवईवर. पुजारी इचारतोय, बाई, तबियत ठीक हाय ना? आन् हे मोठ्यानं सांगूलालेत, कशी आली गाडी, लोण्यावानी!"

हे मी आजवर कुठे ऐकलेलं नव्हतं. बुलेटवर बोलणारे पुरुष मी पुष्कळ ऐकले. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दुसरं काही चालत नाही. आवाज, पिकअप, रुबाब. सगळे पुढच्या सीटवरचे. पुढच्याच्या हातात हँडल असतं, पायाखाली ब्रेक असतो, धक्का कधी येणार हे त्याला आधी दिसतं. मागची बाई डावीकडे तोंड करून, दोन्ही पाय एका बाजूला, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर, डावा मिळेल तिथे, मांडीवर पिशवी. तिला खड्डा कळतो तो कमरेला.

सरकारला मात्र ती दिसली होती बरं का. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 क्रमांकाचा नियम खास मागच्या माणसासाठी आहे. धरायला दांडा हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. आपण जिला साडीची जाळी म्हणतो ती हीच. कितीतरी पोरं गाडी घरी आणल्या आणल्या आधी ती काढून माळ्यावर टाकतात, गाडी 'बायकी' दिसते म्हणून.

"आमच्या धाकल्यानं स्प्लेंडरची काढलीच व्हती," काकू म्हणाल्या. "मी म्हणले, बस मंग एकलाच."

तेवढ्यात आप्पा आले. पांढरा सदरा, हातात बुलेटचं पुसायचं फडकं. त्यांना वाटलं आम्ही भाजीचं बोलतोय. म्हणाले, "बाई, तुमीच सांगा ह्याला. माळेगावच्या जत्रेत बैल घेताना काय बघत्यात? दात. चार दाती हाय का जुळलेला हाय. आन् खोड. घरचा बैल हाय, दात ठावं, खोड ठावी. मंग परका कामून घ्यायचा?"

"खोड ठावी हाय म्हणूनच," आतून धाकल्याचा आवाज.

पोरगं बाहेर आलं आणि भिंतीपाशी न्यायालय भरलं. त्याचा मुद्दा मला पटला, आणि तो आवाजाचा नव्हताच. आप्पांच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आताच्या गाड्यांना गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. दहा वर्षं स्प्लेंडर चालवलेला पाय ऐनवेळी सवयीच्याच जागी पडणार. समोर म्हैस आली, ब्रेक मारायला गेला आणि दाबला गिअर. त्याचं तसं एकदा झालंही, गोरठ्याच्या रस्त्यावर. म्हशीनं समंजसपणा दाखवला म्हणून निभावलं.

शिवाय कागद. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आप्पा नांदेडच्या आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून आणतात, 2024 लाच आणली. आता त्या नव्या नंबर प्लेटा, 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीच्या. दुचाकीला साडेचारशे आणि वर जीएसटी, म्हणजे 531 रुपये. आणि मिस्त्री म्हणतो, आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं, जुन्या कार्बुरेटरची रबरं आणि नळ्या बघून घ्याव्या लागतील. आप्पा ह्यावर म्हणाले, "आपल्याच उसाचं हाय ते. आपली गाडी पचवंल."

थंडरबर्डची बाजू मांडायला कुणीच नव्हतं, म्हणून ती मी घेतली. मधलं लेकरू नेहमी मागे पडतं. खरं तर साडेतीनशेच्या गाड्यांत पाय पुढे टाकून आरामात बसायची चाल आपल्याकडे तिनंच रुळवली, 2002 पासून. धर्माबादची गाडी आहे ती 2012 च्या नव्या रूपातली. वीस लिटरची टाकी, मागेही डिस्क ब्रेक. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात आले, बीड जाऊन अॅल्युमिनियम आलं, गिअर डाव्या पायाला, बटन स्टार्ट, आणि किकही ठेवलेली. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे मिस्त्रीकडे जाऊन ते जुळवत बसायला नको. सत्तर-नव्वदचं माप मात्र जुनंच, त्यामुळे आवाजात थोरल्याचा वारसा.

"म्हंजी सून नवी, स्वयंपाक सासूचा," काकूंनी निकाल दिला.

हिच्यात एकच उणं. ही 2015 ची, एबीएस नाही. सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं ते 2019 पासून. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक जागीच धरून गाडी घसरू नये, एवढंच त्याचं काम, पण यंदाचा पावसाळा बघता मला ते फार मोठं वाटलं. सोयाबीन पाण्यात गेलं, रस्ते पाण्यात गेले, भोकरकडून येणारी माणसं रात्री कशी येत होती ते आम्ही ह्याच भिंतीवरून बघितलं.

शेजारच्या ग्रामसेवकांच्या अॅव्हेंजरचंही नाव निघालं. आकुर्डीच्या बजाजची, 2005 पासूनची, मूळ कावासाकीच्या एलिमिनेटरवरून आलेली. बुटकी, बसायला सोपी, ग्रामसेवकांची बायको खूश. पण आप्पांनी "ती खाट हाय, गाडी न्हाई" म्हणून तो विषय संपवला. आणि हो, डिझेल बुलेट! सव्वातीनशे सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, पळायची नाही पण पाण्याच्या भावात चालायची. आप्पांच्या थोरल्या भावाकडे होती. ती वेशीपाशी आली की घरी भाकरी तव्यावर टाकायची, तो दारात येईस्तोवर फुगायची, असं सांगतात. भाकरीचं खरं-खोटं आप्पा जाणोत.

मग धाकल्यानं मोबाइल काढला आणि मीटिअर दाखवायला लागला. थंडरबर्ड 2020 मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला ही आली. तिचं इंजिन जुन्याची डागडुजी करून केलेलं नाही, मुळापासून नवं. 349 सीसी, पिस्टन बहात्तर मिलिमीटर, धाव 85.8, म्हणजे पावलं थोडी आखूड. कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन. आणि काकूंच्या बांगड्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट अशी की आत बॅलन्सर शाफ्ट बसवलाय. पिस्टन एकीकडे झटका देतो तेव्हा हा वजनदार दांडा उलट बाजूनं फिरून तो झटका खाऊन टाकतो. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की खुंटा कसा सरळ फिरतो, तसं.

"किक हाय का?" आप्पांनी वर्मावर बोट ठेवलं.

नाही. किक नाही. बॅटरी पार बसली तर इंजेक्शनचा पंपही बसतो, मग ढकलून चालू करायचीही सोय उरत नाही. टाकीही पंधरा लिटरचीच. आप्पांचा चेहरा खुलला. पण पोरगंही शिकलेलं. म्हणालं, "आप्पा, 2023 पासून तुमच्या बुलेट नावाच्या नव्या गाडीतबी हेच इंजिन हाय. आता तुमची बुलेटच मीटिअर झालीय."

आप्पा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. फडक्याची घडी घातली, परत उलगडली. मला वाईट वाटलं. आमच्या ह्यांचंही तसंच झालं होतं. तरुणपणी त्यांची येझदी होती, म्हैसूरची, जिच्या एकाच दांडीनं किकही मारायची आणि तीच वळवून गिअरही टाकायचा. 2022 मध्ये येझदी परत आली म्हणून कळलं तेव्हा नांदेडला जाऊन तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि काही न बोलता घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, "नाव आपलं आहे." त्या दिवशी वरणाला मीठ नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही.

पैशाचं गणित मी मांडून दिलं, कारण ते शिकवणं माझं काम. 22 सप्टेंबरला घट बसले त्याच दिवशी साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आला, वरच्या गाड्यांचा मात्र चाळीस झाला. मीटिअर 349 ची, म्हणजे उंबऱ्याच्या आत बोटभर. पंधरा-सोळा हजार वाचतात. तिची थोरली बहीण, साडेसहाशेची सुपर मीटिअर, उंबऱ्याबाहेर राहिली. तिचं वजनच 241 किलो. ती पडली तर उचलायला निम्मी गल्ली लागेल.

एवढं सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता मी सांगते. मला बसवून आणा. मंग बोला."

धाकल्याच्या भोकरच्या मित्राकडे मीटिअर होती, मागे गादीची टेकण असलेली. रविवारी तो घेऊन आला. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसली, पदर कमरेला खोचला आणि गल्लीदेखत मागे चढल्या. सीट बुटकं असल्यामुळे चढणं सोपं गेलं, आप्पांच्या बुलेटला त्यांना ओट्याचा आधार लागतो. डोक्यावर हेल्मेट, मागच्यालाही ते लागतं. मी भिंतीवरून बघत होते. आप्पा बघत नसल्यासारखं करत गोठ्याच्या दारात उभे होते. गाडी स्टेशनकडे गेली. आवाज असा की आमचं मांजरसुद्धा उठलं नाही.

वीस मिनिटांनी आल्या. उतरल्या. आधी बांगड्या बघितल्या, मग कपाळाला बोट लावून बघितलं. कुंकू जागच्या जागी.

"कशी आहे?" मी भिंतीला चिकटून.

"मुंग्या न्हाईत. उलीसंबी हादरलं न्हाई. पर बाई, ते टेकण कुणासाठी केलंय?"

"मागच्यासाठी."

"मागचा बापया आसंल मंग. टांग टाकून बसणारा. मी डावीकडं तोंड करून बसले तर ते पाठीला लागतंय का? डाव्या कुशीत टोचतंय! माझ्या सासूबाई नऊवारीत टांग टाकून बसल्या असत्या. आमी पाचवारीवाल्या कुठं टेकणार?"

धाकला आणि मित्र एकमेकांकडे बघायला लागले. माहितीपत्रक त्यांनी पाठ केलेलं, पण हा मुद्दा त्यात नव्हता. मला आमच्या स्टाफरूममधल्या समस्त मंडळींना बोलावून ही कूस दाखवावीशी वाटली.

"मला टेकण नको," काकू पुढे म्हणाल्या. "साधीच घे, तेवढे पैसे वाचतेल. धरायला भक्कम दांडा, पायाखाली रुंद पट्टी आन् चाकाला जाळी. जाळी काढलीस तर मी उतरले म्हणून समज. आन् दुसरं. ह्याचा आवाज येत न्हाई. रात्री अकराला भोकरहून आलास तर मला कळणार कसं?"

"फोन करतो ना आई."

"फोन तू वेशीतूनबी करशील आन् हॉटेलातूनबी करशील."

"सायलेन्सर बदलून घेऊ मंग, फटाक्यावाला," मित्र हसत म्हणाला. त्याच्याकडे काकूंनी असं बघितलं की तो बिचारा हेल्मेट घालूनच चहाला बसला. तसे सायलेन्सर पोलिसांनी राज्यात कितीतरी शहरांत रस्त्यावर ओळीनं मांडून रोलरखाली घातलेत, हे मी त्याला सांगितलं. चहा मात्र भिंतीच्या ह्या बाजूनंच गेला.

थंडरबर्डचं काय, तर धर्माबादच्या भावाला नाही कळवायचं ठरलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून दिवाळीला अनारसे जास्तीचे.

राहिले आप्पा. ते गोठ्यातून बाहेर आले ते बुलेट ढकलतच. कुणाला काही न बोलता कॉक फिरवला, चावी लावली, काट्याकडे बघितलं. डीकॉम्प. एक श्वास. पहिल्याच किकला लागली. आमचे मांडणीवरचे पेले किणकिणले, मांजर उठून कौलावर गेलं, आणि स्वतःशीच बोलावं तसं, पण गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आप्पांनी विचारलं, "पाडव्याला नवी गाडी घेऊन बासरला जायचं न्हवं का? मंग ही काय घरीच ठिवायची?"

काकूंनी भिंतीवरची ठेच्याची वाटी उचलली, माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि तिकडे न वळताच म्हणाल्या, "जाताना तुमच्या मागं बसते. येताना तुमी या निवांत, डगडग करत. मी लेकराच्या मागं बसून म्होरं येते, भाकरी टाकायला."